रिकाम्या खुर्चीची ओटी

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे. दुपारी डबा खाताना तुमचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं निदान करायचं, हा माझा टाइमपास. विश्वास कधीच नव्हता... असणार कसा? मी सायकॉलॉजिस्ट. ‘आवाज ऐकू येतात’ म्हणणारी माणसं माझ्याकडे येतात, मी कोणाकडे जात नाही.

आमच्यात शाखा बऱ्याच. कोणी शाळेत मुलांच्या टेस्ट घेतं, कोणी कोर्टासाठी काम करतं, कोणी मेंदूला मार लागलेल्यांची स्मरणशक्ती तपासतं. आईला वाटायचं मी कंपनीत माणसं निवडायचं काम धरावं – एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी. मी क्लिनिकल घेतलं. क्लिनिक घणसोलीत, गावठाणाला लागून. आई खांदेश्वरला एकटी राहते. वडील गेल्यापासून ‘माझ्याकडे ये’ म्हणून तिच्यापुढे डोकं फोडतेय, पण ऐकेल तर शपथ.

तर नामाकाका. (नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) घणसोली गावातलेच. बायको हिरूबाई गेली आणि त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. सून घेऊन आली, म्हणाली, “मॅडम, चायवर हायेत नुसते. असं किती दिवस चालनार?” वजन इतकं उतरलेलं की मलाही धास्ती वाटत होती.

त्यांच्यासाठी मी रिकाम्या खुर्चीची पद्धत वापरायचं ठरवलं. समोर एक खुर्ची ठेवायची, गेलेलं माणूस तिथे बसलंय असं धरून बोलायचं. मग स्वतः त्या खुर्चीत बसून त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. पुष्कळदा माणूस यातून मोकळा होतो. यात जादूबिदू काही नाही... निदान तोवर तरी नव्हती.

त्या दिवशी सकाळच्या सेशनला काका खुर्चीशी बोलले, रडले. मग मी त्यांना हिरूबाईंच्या जागी बसवलं. त्यांनी डोळे पुसले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं – खुर्चीकडे नाही, माझ्याकडे – आणि अगदी सावकाश म्हणाले,

“पोरी, तुजे आईला फोन लाव. न्हानीचा दार उघडाला सांग कोनला तरी.”

माझ्या आईबद्दल मी त्यांना कधी चकार शब्द बोलले नव्हते. क्लायंटला आपलं घरचं सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम, सेशनमध्ये फोन ड्रॉवरमध्ये. शिवाय आईची आंघोळ उजाडायच्या आत उरकते, या वेळी ती बाथरूममध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. हे सगळं मनात चालू होतं आणि हात मात्र ड्रॉवर उघडत होता.

आईने फोन उचलला नाही. तिच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शिंदेकाकूंना लावला, त्यांच्याकडे आईच्या घराची चावी असते. “बघते गं, टेन्शन नको घेऊ,” म्हणाल्या आणि फोन चालूच ठेवून गेल्या. मग मला त्यांच्या हाका ऐकू आल्या. मग दार ढकलल्याचा आवाज. मग काकूंचं रडणं.

सोसायटीत त्या दिवशी पाणी उशिरा आलं होतं. म्हणून आई उशिरा आंघोळीला गेली, गॅस गीझर लावला, गार वारा नको म्हणून खिडकीही लावली. त्या गीझरच्या विषारी वायूला वास नसतो हो, कळतच नाही. आई फरशीवर बेशुद्ध पडलेली. काकूंनी आधी तिला बाहेर ओढलं आणि मग गीझर बंद केला.

आई वाचली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, “भात लावायचा राहिला.” मी हसत हसत इतकी रडले की नर्सने मलाच खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “कडी मी घातली होती गं. बाहेरून कोणी बाई म्हणाली, कडी काढ. म्हणून सरपटत जाऊन काढली.” शिंदेकाकू शपथेवर सांगतात की बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि त्या येईपर्यंत घरात दुसरं कोणीच नव्हतं.

मेंदूवर काम करणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. तिच्या मते त्या वायूने भास होतात. बरं, आईचं मान्य. पण काका? त्यांनी कोणता वायू घेतला होता? कोर्टाचं काम करणारा मित्र म्हणाला, “पुरावा नाही, सोडून दे.” काकांना तर काहीच आठवत नव्हतं. “मी? मी कवा बोल्लो?”

घरी आल्यावर आईने पहिल्यांदा गीझर काढायला लावला. मग ओटीचं सामान काढलं – हिरवा खण, तांदूळ, नारळ. “ती सवाष्ण गेली ना? तिची ओटी भर. माझ्या हातची चालत नाही म्हणतील, म्हणोत. मी तयारी केलीय, तू ठेव.”

कुठल्याही पुस्तकात न बसणारं काम मी केलं. पुढच्या सेशनला ओटी रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि काकांना सगळं सांगितलं. ते उठून खुर्चीपाशी गेले. मग खणावरून हात फिरवला.

“हिरवाच लागाचा तिला,” म्हणाले.

काय घडलं, का घडलं... मला आजही सांगता येत नाही, आणि खरं सांगू, आई रोज फोनवर भांडते तोवर मला त्याची घाईही नाही. काकांनी तो नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला आणि माझ्या हातात दिला.

“फोड पोरी,” म्हणाले. “भूक लागलीय.”