पुसलेल्या अक्षता

मुलीच्या लग्नाची कॅसेट बुरशीने खराब झाली होती, म्हणून मी ती गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत दिली. खराब फ्रेम कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्यासारख्या होतात, असे मालकाने सांगितले होते.

परत आलेल्या व्हिडिओत चेहरे लख्ख होते. मंगलाष्टके झाली, ‘सावधान’ झाले, मांडवभर हात उंचावले आणि कुणाच्याही हातून काहीही पडले नाही. माझ्या वडिलांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. डाव्या हाताने अक्षता टाकाव्यात की नाही, या संकोचात ते थांबून राहिले होते आणि अगदी शेवटी त्यांनी नातीवर मूठ रिकामी केली होती. आता ते नुसताच हात हलवत होते. त्यांचे दुसरे चित्रण आमच्याकडे नाही.

मी जाऊन जाब विचारला.

“काका, सॉफ्टवेअरला ते ठिपके डाग वाटले,” मालक हसत म्हणाला. “नव्या अक्षता टाकून देतो की! म्हणाल तेवढ्या.”

“लग्नाला उभ्या साक्षीदाराची साक्ष पुसायची आणि वर खोटी जोडायची, याला दुरुस्ती म्हणत नाहीत, बनावट म्हणतात!” माझा आवाज चढला. “मूळ कॅसेट लावा.”

“अहो, त्यात निम्मं चित्र फाटलंय.”

“फाटू द्या.”

त्याने ती लावली. आडव्या रेघांत वडिलांचा चेहरा ओळखूही येत नव्हता, पण त्यांच्या मुठीतून दाणे पडताना दिसले. एकाही फ्रेमला हात न लावता तेवढ्या भागाची प्रत द्यावी, असे मी तिथेच उभ्याने लिहून कागद त्याच्यापुढे आपटला आणि पोच मागितली.