अर्धा टक्का गरज

माझी थोरली बहीण गावच्या कार्यालयात बत्तीस वर्षं लेखनिक आहे. या काळात गावाचा विकास करायला सात संस्था येऊन गेल्या आणि ताईनं सातही संस्थांचे फॉर्म भरून दिले. विकास तेवढा वाटेत कुठंतरी उतरून गेला असावा. प्रत्येक घराच्या दारात उभं राहून ती फॉर्म भरून घ्यायची, आपल्या घराचा मात्र कोरा ठेवायची. फॉर्म गोळा करणाऱ्यानं त्यात स्वतःची रड घालू नये, असं तिचं म्हणणं. असल्या सरळपणाचा मला मनस्वी राग येतो, कारण तिची रड खरी होती.

ताईचं घर ओढ्यापलीकडे. तिकडे एकोणीस घरं. दवाखाना, कार्यालय, बस, सगळं अलीकडे, आणि मध्ये गुडघाभर पाणी, शेवाळलेले दगड. चार माणसं जातील एवढासा साकवसुद्धा नाही. पाच वर्षांपूर्वी दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज व्यायामाला आणलंत तर काठी धरून उभे राहतील. रोज कोण आणणार? मी सुतार. एका लाकडी खुर्चीला दोन दांडे ठोकले आणि दर बुधवारी मी आणि शेजारचे तिघं, असे आम्ही चौघं त्यांना खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायला लागलो. वर बसून दाजी आम्हालाच सूचना द्यायचे. एकदा माझा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत भिजले, तर म्हणतात कसे, "मेव्हणे, माझी अंघोळ सकाळीच झाली होती."

मग आठवं मंडळ आलं. प्रादेशिक ग्रामीण सर्वांगीण असं कायकाय त्याच्या नावात होतं, पाटीवर तीन ओळी लागल्या. त्यांच्या फॉर्मवर एकच प्रश्न ठळक होता: गावाची सर्वांत मोठी गरज कोणती? गावात एकशे चौऱ्याऐंशी घरं. एकशे त्र्याऐंशी घरांनी लिहिलं, साकव. उरलेला फॉर्म ताईचा, नेहमीसारखा कोरा.

दोन महिन्यांनी अहवाल आला. उत्तरं संशयास्पदरीत्या एकसारखी आहेत, ग्रामस्थांना आपल्या गरजांची पुरेशी जाण नाही. ओढ्यात रोज भिजणाऱ्याला आपण भिजतो याची जाण नाही, असं चार शिकलेल्या माणसांनी सही करून कळवलं होतं. त्यावर उपाय म्हणजे तीन दिवसांचं प्रशिक्षण, 'गरजा कशा ओळखाव्यात'. प्रशिक्षकानं रंगीत कागद वाटले, डोळे मिटून दहा वर्षांनंतरचं गाव बघायला सांगितलं. माझ्या शेजारचा गवंडी चक्क घोरायला लागला, तर त्याचं कौतुक झालं, किती एकाग्र झालेत म्हणून.

जाताना मंडळाचे साहेब बजावून गेले, की पुढच्या वेळी उत्तरांत वैविध्य पाहिजे. नवे फॉर्म आले तसं सगळं गाव कार्यालयात जमलं. ठरलं असं, की ज्यानं त्यानं वेगवेगळं काहीतरी लिहायचं आणि साकव एकाच घरानं लिहायचा, म्हणजे पुन्हा संशय नको. कोणाच्या घरानं, हे विचारावंच लागलं नाही. सगळे ताईकडे बघत होते. ती आधी नाहीच म्हणाली, वाद घातला, शेवटी पेन उघडलं. 'साकव' लिहून खाली कारण लिहिलं, घरात आजारी माणूस आहे. बत्तीस वर्षांत स्वतःसाठी लिहिलेली तिची ही पहिली ओळ.

निकाल लागला. साकव, मागणी एक घर, प्रमाण अर्धा टक्का, नगण्य. पहिला नंबर सभागृहाचा, मागणी अकरा घरं. ही अकरा घरं वरच्या आळीतली. त्यांना विचार करायचा कंटाळा, म्हणून एकानं लिहिलं ते बाकी दहांनी उतरवून काढलं. म्हणजे अकरा जणांची नक्कल ही खरी गरज, आणि एकशे त्र्याऐंशी जणांची खरी गरज ही नक्कल. असल्या अकलेला पगार मिळतो.

सभागृह झालं, दवाखान्यापासून शंभर पावलांवर. नियम म्हणून पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला होता. उद्‌घाटनाच्या फोटोला चाकाच्या खुर्चीतला माणूस पाहिजे, म्हणून साहेबांनी ताईला निरोप धाडला. आम्ही चौघांनी दाजींना ओढ्यातून आणलं, मंडळाच्या चकचकीत खुर्चीत बसवलं, साहेबांनी त्यांना उतारावरून वर ढकललं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. मंडळी निघून गेली, खुर्चीही घेऊन गेली. आम्ही दाजींना उचलायला वाकलो, तर कार्यालयाकडे सोपवलेली सभागृहाची किल्ली हातात धरून ताई म्हणाली, "राहू द्या. हे आता इथेच राहतील."

संध्याकाळपर्यंत अंथरूण आलं, भांडी आली, स्टोव्ह आला. दाजी रोज व्यायामाला जायला लागले. मंडळाची नोटीस आली, ताबडतोब जागा सोडा. ती घ्यायलाही कार्यालयात ताईच. तिनं त्यावर आवक क्रमांक टाकला आणि नीट फाइलला लावली. चार महिन्यांनी दाजी उताराचा कठडा धरून, काठी टेकून उभे राहिले. मी रडलो, आणि त्याची मला लाज नाही.

दाजी उभे राहिल्याची साहेबांना कुणकुण लागली. ते येऊन फोटो काढून गेले, नोटीस मागे घेतली आणि वार्षिक अहवालात छापलं, 'सभागृहामुळे लाभार्थी स्वतःच्या पायावर उभा.' अहवालाची प्रत ताईनं सभागृहात आम्हाला वाचून दाखवली. शेवटच्या पानावर होतं, की नव्या गरजा आता तीन वर्षं नोंदवता येणार नाहीत. जुन्यांची पडताळणी सोमवारी. साकवाची मागणी करणारं एकमेव कुटुंब ओढ्याच्या अलीकडे राहताना आढळलं, तर हा विषय कायमचा बंद.

ओढ्यापलीकडून आपल्या दोन पोरींना पाठीवर घेऊन रोज शाळेत आणणारी एक शेजारीणही तिथंच बसली होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, "तुमची ती दांड्यांची खुर्ची कुठंय?"

मी म्हटलं, दुकानात पडली आहे, आता काय करायची?

"घेऊन या. मला घरी पोचवा. अर्धा टक्का तरी शिल्लक राहू दे."

ताईनं वाद घातला नाही. ती उठली, पाठमोरी होऊन अंथरुणाची वळकटी करायला लागली आणि बराच वेळ तीच वळकटी करत राहिली. रविवारी सकाळी आम्ही चौघं ओढ्यात उतरलो. दाजींचं वजन चार महिन्यांत वाढलं होतं. व्यायाम आता पुन्हा फक्त बुधवारी.