एकसष्टावा दाता

"साठ? साठ कुठून आणलेस गं बाई? सकाळी सकाळी माझा एक दाता गिळलास की काय?"

"आत्या, मशीनच्या पाटीवर तीनास एक असं लिहिलंय. धाकट्या चाकाला वीस दाते, म्हणजे मोठ्याला साठ. सरळ हिशेब आहे."

"हिशेब सरळ असेल, पण चाक गोल आहे ना! एकसष्ट आहेत त्याला. पंचवीस वर्षं दर शनिवारी एकेका दात्याला बोटाने ग्रीस लावलंय मी. तू पाटी वाचतेस, मी चाक वाचते."

इंजिनिअरबाईने चष्मा वर सरकवला आणि पेन्सिल खाली ठेवली. वय चोवीस, कारखान्यात लागून चार महिने झालेले, बूट अजून पायाला चावत होते. समोर उभी असलेली आत्या बावन्नची, पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळी. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. पण दोरखंडाच्या त्या कारखान्यात दाराशी बसणाऱ्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. मालक तर तिच्याहून सहा वर्षांनी मोठे.

आली तेव्हा ती झाडायला आली होती. मशीनखाली तंतूंचे ढीग साचायचे, ते ओढून काढायचे आणि पोत्यात भरायचे. म्हातारा फिटर होता, त्याला सगळे वस्ताद म्हणत. त्याचे गुडघे गेले, वाकवेना, म्हणून एक दिवस त्याने तेलाचा डबा हिच्या हातात दिला. डबा काही परत गेला नाही. पुढे हातात पाना आला, मग कानस आली. दोन वर्षांमागे वस्ताद लेकीकडे राहायला गेला आणि नवा फिटर कुणी ठेवला नाही, कारण मशीन चालतच होतं. ते का चालतंय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पगारपत्रकात आत्याच्या नावापुढे अजून 'सफाई' असंच होतं.

सगळ्यात मोठं मशीन म्हणजे पीळ घालणारं. त्याला ती थोरली म्हणायची. मनगटाएवढा दोरखंड एकट्या थोरलीवरच निघायचा. मंगळवारी वरच्या झाकणाचा एक बोल्ट सुटला आणि नेमका दोन चाकांच्या मधे पडला. कडाड् असा आवाज झाला, मोठ्या चाकाचे तीन दाते उडाले आणि थोरली गप्प झाली.

मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. नकाशा नाही, कागद नाही. मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, थोरलीभोवती फिरला आणि बकरा बघावा तसा तिच्या पाठीवर थापा मारून गेला. सोमवारी ट्रक आणतो म्हणाला.

आत्या मालकांच्या खोलीत गेली ती न विचारता आणि खुर्ची ओढून बसली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"नवं चाक करून घ्या," ती म्हणाली.

"करणार कोण? आणि कसं? नमुना फुटलाय."

"फुटलाय, पण हरवला नाही. चाक करणाऱ्याला विचारा तरी. माणूस आजारी पडला की आधी डॉक्टर बोलावतात, खांदेकरी नाही."

मालकांना हसू आलं. इंजिनिअरबाईने शोधून एक गिअरवाला काढला. एकेकटं चाक मापाप्रमाणे करून देणारा. त्याने एकोणीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला आणि वर लिहिलं : शनिवारी दुपारी बारापर्यंत पूर्ण तपशील मिळाला तर सोमवारी कोटेशन देतो, नाहीतर पुढच्या महिन्यात. मालक म्हणाले, "सोमवारी त्याचा आकडा आला आणि झेपण्यासारखा असला तर चाक. नाहीतर ट्रक." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

मग दोघी फॉर्मला भिडल्या. शुक्रवारचा अख्खा दिवस थोरलीच्या पोटात गेला. आत्या आत, इंजिनिअरबाई बाहेर कागद धरून.

"प्रश्न सातवा. गिअर कोणत्या वातावरणात चालणार?"

"धूळ, तंतू आणि मालकांची बडबड."

"आत्या!"

"बरं, बडबड खोड. पण तंतू नक्की लिही, ते दात्यांत जाऊन बसतात."

"आठवा. दिवसातून किती तास?"

"दहा. चहाच्या वेळी आम्ही थांबतो, ती थांबत नाही."

"धातू कोणता?"

इथे दोघी अडल्या. मग आत्याने कमरेचा रुमाल सोडला. आत उडालेला एक दाता होता, ग्रीसच्या तबकात हात घालून शोधलेला, लेकराचा पडलेला दात जपावा तसा पुसून ठेवलेला. तिने त्याच्यावर कानस फिरवली. वरून कानस काचेवरून जावी तशी घसरली. जिथून तुटला होता तिथे मात्र धरली. "वरून कडक, आत मऊ. हाच पाठव त्याला. तुझ्यामाझ्या सांगण्यापेक्षा हा बरं सांगेल."

पण दात्याची जाडी काही जमेना. मापाचा व्हर्निअर लावला की दर वेळी वेगळा आकडा. दाते झिजलेले, कुठे जास्त, कुठे कमी.

आत्या घरी गेली तेव्हा नवरा मशीनवर बसला होता, पण शिलाईच्या. आत्याचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मधे एक पडदा आणि तोही गिऱ्हाइकाने न नेलेल्या कापडाचा.

"अहो, झिजलेल्या वस्तूचं खरं माप कसं घ्यायचं?"

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोवल्या. "लोक जुना शर्ट आणून टाकतात आणि म्हणतात, अगदी अस्साच शिवा. तो धुऊन धुऊन आटलेला, रंग उडालेला. त्याच मापाने शिवला तर पहिल्याच धुण्यात बेंबी दिसेल."

"मग?"

"मग मी शिवण उसवतो. आत दुमडलेलं कापड असतं ना, त्याने ऊन बघितलेलं नसतं. खरा रंग तिथे असतो, खरं मापही तिथेच." त्याने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या चाकाला शिवण आहे का एखादी?"

आत्या जेवताना मधेच थांबली. "आहे की हो!"

"सावकाश, घास गीळ आधी."

धाकटं चाक बसवताना कुणीतरी बोटभर आत बसवलं होतं, वस्तादच्याही आधी. त्यामुळे मोठ्या चाकाच्या प्रत्येक दात्याची बाहेरची बोटभर कड कधी घासलीच नव्हती. आत्या तिथे ग्रीससुद्धा कमी लावायची. शनिवारी सातला येऊन तिने ती कड रॉकेलने धुतली. व्हर्निअर लावला. दहा दात्यांवर दहा वेळा तोच आकडा आला. इंजिनिअरबाई आनंदाने इतकी उडाली की तिचं डोकं झाकणाला आपटलं.

आणि एवढं सगळं करून तिने फॉर्मवर लिहिलं, दाते साठ. वाद पेटला तो तिथे.

"मीही मोजले," इंजिनिअरबाई म्हणाली. "एकदा साठ आले, एकदा एकसष्ट. जिथून सुरू केलं तोच दाता शेवटी परत मोजला गेला असणार. म्हणून पाटीवर विश्वास ठेवला."

"आणि व्यास? तो जुळला का तुझ्या साठला?"

"साठने चारशे शहाण्णव मिलिमीटर यायला हवा. टेपेवर पाचशे तीन-चार येतो. पण टेप तुमच्याकडची, शिंप्याची. कापडी आहे, जुनी, आटलेली असणार."

आता मात्र आत्या तापली. "माझा मोजला दाता खोटा म्हण, चालेल. पण त्यांच्या टेपेला नाव ठेवायचं नाही. चाळीस वर्षांत एकाची पँट आखूड झाली नाही त्या टेपेने. एकाची झाली, पण तो नंतर उंच वाढला."

घड्याळात अकराला दहा कमी होती. इंजिनिअरबाईचा चेहरा कोमेजला. "आत्या, माझी चूक झाली तर चाक वाया जाईल. तुमची झाली तरी वाया जाईल. आणि थोरलीही जाईल. मला सांगा, खात्री कशी करायची? परत मोजू नका म्हणजे झालं. मोजण्यावर माझा आता विश्वासच राहिला नाही."

आत्याने क्षणभर चाकाकडे पाहिलं. मग वाकून खालच्या ढिगातून सुताचा एक पदर ओढला. दोरखंडाच्या कारखान्यात आणखी काय मिळणार!

"धर हे टोक. न फुटलेल्या दात्याच्या बरोबर शेंड्यावर धर. आता मी दुसरं टोक समोर नेते. मधे दोरी आसाच्या बरोबर मध्यावरून गेली पाहिजे. बघ, गेली का?"

"गेली."

"आता इकडे ये. माझ्या टोकाखाली काय आहे?"

इंजिनिअरबाईने सुताचं टोक दात्यावर चिकटवलं आणि वळसा घालून आली. आत्याच्या बोटाखाली दाता नव्हता. दोन दात्यांमधली खाच होती.

"साठ असते तर दात्यासमोर दाता आला असता. माणसं सम असली की समोरासमोर बसतात, विषम असली की एकजण खांबाशी बसतो. इथे दात्यासमोर खाच आहे. मोजू नकोस, बघ फक्त."

इंजिनिअरबाई बघत राहिली. मग खाली बसून तिने फॉर्मच्या पाठीवर हिशेब केला. एकसष्टात दोन मिळवले, दात्याच्या जाडीवरून निघालेल्या आठने गुणलं. पाचशे चार. टेपेवरच्या आकड्याशी केसभराचा फरक.

"टेप बरोबर आहे," ती पुटपुटली.

"मोठ्याने बोल. त्यांना जाऊन सांगायचंय मला."

"टेप बरोबर आहे, आत्या! पण एकसष्ट का? साठ करून मोकळे झाले असते. पाटीही खोटी ठरली नसती."

"वस्तादने दाखवलं होतं ते मला. धाकट्या चाकाच्या एका दात्याला त्याने खडू लावला आणि म्हणाला, बघत बस. साठ असते तर तो खडू दर फेरीला मोठ्याच्या त्याच तीन दात्यांवर उमटला असता. जन्मभर तेच तीन. एखादा खोडसाळ असला तर बिचाऱ्या त्या तिघांचीच हाडं खिळखिळी करणार. एक जास्त केला की खडू फिरत राहतो. धाकट्याच्या एकसष्ट फेऱ्या होईपर्यंत मोठ्याच्या प्रत्येक दात्याला पांढरं लागतं. मी मोजत बसले होते, त्या दिवशी शेगडीवर ठेवलेला जेवणाचा डबा जळला माझा." ती हसली. "सगळ्यांनी सगळ्यांचा त्रास थोडा थोडा सोसायचा. म्हणून तर इतकी वर्षं टिकली थोरली."

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी फॉर्म गेला. जायच्या आधी शेवटचा रकाना राहिला होता : माहिती देणाऱ्याचं नाव व हुद्दा. इंजिनिअरबाईने आत्याचं अख्खं नाव विचारून लिहिलं. ते नाव पगाराच्या दिवसाशिवाय कुणाच्या तोंडात येत नसे. पुढे हुद्द्याच्या जागी तिने न विचारता 'फिटर' असं लिहिलं. दाता डब्यात घालून माणसाबरोबर गेला.

रविवारी शिंप्याला तीन वेळा ऐकावं लागलं की त्याची टेप बरोबर होती. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मला हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे."

सोमवारी नऊ वाजताच भंगारवाल्याचा ट्रक फाटकात येऊन उभा राहिला. आत्या थोरलीला पाठ करून उभी होती, जणू थोरलीला तो ट्रक दिसू नये म्हणून. साडेनऊला मालकांच्या खोलीतला फोन वाजला. मालकांनी ऐकलं, भुवया उंचावल्या आणि दाराबाहेर डोकं काढून हाक मारली.

"आत्या! गिअरवाला म्हणतो, फॉर्म भरणाऱ्या फिटरशी बोलायचंय. आपल्याकडे फिटर कोण आहे?"

इंजिनिअरबाई बुटांकडे बघू लागली. आत्याने हात पुसले आणि फोन घेतला. तिकडचा आवाज म्हाताऱ्याचा होता, खरखरीत.

"पाटीचा फोटो पाठवलात, त्यावर तीनास एक आहे. आणि तुम्ही लिहिलंत एकसष्ट. म्हटलं, हे कुणी मोजलं ते तरी ऐकावं. दहातले नऊ जण साठ लिहून पाठवतात आणि मग माझ्या नावाने खडे फोडतात."

"आमच्याकडेही एकजण लिहिणार होती. पण पोरगी चांगली आहे, दोरी धरली की समजतं तिला."

"आणि जाडी न घासलेल्या कडेवर घेतलीत. कुणी शिकवलं?"

"आमच्या शिंप्याने."

 म्हातारा इतका हसला की मालकांना टेबलापलीकडे ऐकू आलं. "मला काही विचारायचं राहिलंच नाही. एकोणीस प्रश्न आणि शंका एकही नाही, असं क्वचित होतं. तीन आठवड्यांत देतो. आकडा पाठवलाय बघा. कंटाळलात कधी तिथे, तर माझ्याकडे या."

"मी आले तर थोरलीला ग्रीस कोण लावणार?"

मालकांनी आकडा वाचला. एकदा वाचला, परत वाचला. मग चष्मा काढून खिडकीशी गेले आणि फाटकाकडे बघून ओरडले, "ट्रक मागे घे रे! रस्ता अडवलायस!"

भंगारवाला खाली उतरून काहीतरी म्हणत होता, पण मशीनवर काम करणाऱ्या बायकांनी एवढा कल्ला केला की त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. चहा एक वेळ जास्त झाला. इंजिनिअरबाईने आत्याला मिठी मारली आणि तिच्या पांढऱ्या शर्टावर दोन काळे हात उमटले, पाठीवर, बोटांसकट.

"जाऊ दे, आमच्या घरी आण," आत्या म्हणाली. "डाग निघणार नाही, पण दुसरा शिवून देतील. माप मात्र शिवण उसवून घेतील हं."

मालकांनी फॉर्मची प्रत फाइलला लावताना शेवटचा रकाना वाचला. पेन उघडलं. सगळे बघत होते. त्यांनी काही खोडलं नाही. पगारपत्रक मागवलं आणि त्यात आत्याच्या नावापुढचं 'सफाई' मात्र खोडलं.

"आता तरी कोपरं धुवा, फिटर," ते म्हणाले.

"धुऊन काय करू? मधल्या मशीनचं ग्रीस राहिलंय." आत्याने तेलाचा डबा उचलला, पदर खोचला आणि मधल्या मशीनच्या पोटात शिरली. आतून तिचं मोजणं ऐकू यायला लागलं, एक, दोन, तीन.