तारामती ऊर्फ चंद्रप्रभा

लातूरला आमच्या गल्लीत चंद्रप्रभाबाई देवणीकरांना सगळे शिवणबाई म्हणत. मुलींच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत त्यांनी शिवण शिकवलं. नंतर घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन टाकून क्लास चालवला. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजची मापं त्यांना तोंडपाठ होती, आणि कुणाचं माप कितीही वाढलं तरी चारचौघींत त्या ते बोलत नसत.

त्यांचे यजमान अमृतराव डाळ मिलमध्ये मुनीम होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी मुग्धा अमेरिकेत, तिथल्या एका दवाखान्याच्या औषध विभागात नोकरीला. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे मुग्धानं आईसाठी कायमच्या व्हिसाचा अर्ज केला आणि तो मंजूर होऊन कागदपत्रांची यादी आली, तेव्हा ती यादी घेऊन बाई सरळ माझ्याकडे आल्या.

“आरती, हे तू वाच आणि मला फक्त काय काय आणायचं ते सांग,” म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. मुग्धाचा नवरा तिला सोडून गेला होता. ती आणि तिची लहान मुलगी रेवा, दोघीच राहत होत्या. मुग्धाच्या कामाच्या पाळ्या कधी सकाळच्या, कधी संध्याकाळच्या. हे लातुरात कुणाला माहीत नव्हतं, माहेरीही नाही. “लेक एवढी एकटी बसली तिकडं, मी इथं काज-बटण करत बसू का?” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मीही कुणाला बोलले नाही. गल्लीत मात्र बाई आता अमेरिकेत आराम करणार, असंच सगळे समजत होते आणि त्याही तसं समजू देत होत्या.

पासपोर्ट होता. पोलिसांचा दाखला मिळाला. मुग्धाचा जन्मदाखला नगरपालिकेतून निघाला. अडलं ते बाईंच्या स्वतःच्या जन्माशी. त्या जन्मल्या उमरीच्या आतल्या एका खेड्यात, घरी. नोंद कुणी केली नव्हती. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा होता, पण त्यावर नाव होतं तारामती मारोती ढगे.

“ही कोण?” मी विचारलं.

“मीच की.” त्या हसल्या. “माझ्या सासूबाईंचंही नाव तारामती. एका घरात दोन तारामती कशा चालतील? मग लग्नात मला चंद्रप्रभा केलं. तांदळात नाव लिहिलं आणि झालं.”

यादीप्रमाणे, जन्माची नोंद नसेल तर ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा, आणि शिवाय वयानं मोठ्या असलेल्या, जन्म डोळ्यांनी पाहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं शपथपत्र जोडायचं. ही तारामती म्हणजेच ती चंद्रप्रभा, हेही त्यातच यायला हवं. मी विचारलं, असं कोण आहे? आई-वडील केव्हाच गेलेले. थोरले भाऊ ग्यानोबाही नव्हते. बाईंनी दाखल्याची घडी घातली आणि त्या म्हणाल्या, “पद्मीनवैनी आहे. ग्यानोबादादाची बायको.”

माघातल्या एका सकाळी आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो आणि तिथून रेल्वेनं उमरीला. स्टेशनवर बाईंचा भाचा, पद्मीनवैनीचा मुलगा सुदर्शन मोटार घेऊन आला होता. गावात हळदीचे दिवस होते. अंगणा-अंगणांत शिजवलेली हळद वाळत घातलेली आणि तिचा ओलसर उग्र वास सगळीकडे. ढग्यांच्या अंगणात एक वाळकीशी म्हातारी हळदीची वाळकी कांडं हातानं उलटीपालटी करत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. हात तसेच ठेवून म्हणाली, “आलीस का तारे?”

तीच पद्मीनबाई. बाईंना कुणी ‘तारे’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. चपला काढायच्या आधीच बाई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या आणि तिच्याबरोबर कांडं उलटायला लागल्या. शाळेतल्या पोरींना धाकात ठेवणाऱ्या शिवणबाई तिथं पार धाकट्या दिसत होत्या.

सुदर्शननं चहा पिता पिता मला जुनं सगळं सांगितलं. पद्मीनबाई या घरात लग्न होऊन आली ती बारा वर्षांची. ती आली आणि पुढच्याच पावसाळ्यात सासूला मुलगी झाली. सासू बाळंतपणातून काही उठली नाही. वर्ष भरायच्या आत गेली. मग पद्मीनबाईनंच नणंदेला वाढवलं. स्वतःच खेळायच्या वयाची ती, तान्ही तारा कडेवर घेऊन पाण्याला जायची. पुढं तिला स्वतःची मुलं झाली, पण घरातलं पहिलं लेकरू ताराच, असं ती अजूनही म्हणते.

ग्रामपंचायतीचा दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला. ग्रामसेवकानं जुनी रजिस्टरं आमच्यासमोर काढून पाहिली आणि नोंद आढळत नसल्याचं लिहून शिक्का मारून दिला. आता उमरीला जाऊन नोटरीसमोर पद्मीनबाईचा अंगठा घ्यायचा, की काम झालं. सुदर्शननं मोटार दारात आणली. पद्मीनबाई जागची हलली नाही.

“कशाला अंगठा?” तिनं विचारलं.

सुदर्शननं समजावलं, आत्याला अमेरिकेला कायमचं राहायला जायचंय, त्याला पाहिजे.

“कायमचं?”

“हाव.”

“मग म्या न्हाई देत.”

आम्हाला वाटलं, म्हातारीला नीट कळलं नाही. सुदर्शननं परत सांगितलं. मी सांगितलं, यात तुमच्या शेताचं, घराचं काही नाही, फक्त बाईंच्या जन्माचं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती वेडी नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. शांतपणे म्हणाली, “एकदा हिला गाडीत बसवून दिली. तवा मला कुनी इचारलं न्हाई. नाव बी तिकडंच ठिवून घेतलं. आता माझ्या अंगठ्यानं समिंदरापार धाडायची म्हन्ता. इथं काय कमी हाय तिला? लातुरात घर हाय, पेन्शन हाय, दोन वर्साला का हुईना मला भेटून जाती.”

सुदर्शन चिडला. एवढ्या लांबून माणसं आली, मुलाखतीची तारीख आली, आणि ही अडून बसली, असं तो जरा मोठ्यानंच बोलला. बाईंनी त्याला थांबवलं. तिला बोलू नको, म्हणाल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तू हवं तर परत जा, कॉलेज आहे तुझं, मी राहते. मी दोन दिवसांची रजा वाढवली. खरं म्हणजे मलाच तिथून निघवत नव्हतं.

त्या दिवसांत शपथपत्राचा शब्दही बाईंनी काढला नाही. सकाळी उठून वहिनीच्या केसांना तेल लावायच्या, तिच्या दोन चोळ्या उसवल्या होत्या त्या हातानं शिवून दिल्या. दोघी मिळून दुपारी हळद निवडायच्या. बोलणं थोडंच, तेही कोण वारलं, कुणाची सून कशी आहे, असलं. बाईंची लातूरची शुद्ध भाषा एका दिवसात गळून पडली होती. त्याही ‘हाय’ आणि ‘न्हाई’ करायला लागल्या होत्या.

मग एका दुपारी मुग्धाचा फोन आला. तिकडं पहाट होती. व्हिडिओवर ती गाडीत बसलेली दिसत होती, कामाला निघालेली, मागच्या सीटवर रेवा पांघरुणात गुंडाळून झोपलेली. पद्मीनबाईनं डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं. मुग्धानं ‘मामी, कशा आहात’ म्हणून विचारपूस केली आणि घाईत फोन ठेवला.

“एवढ्या अंधारात लेकरू घिऊन कुठं निघाली ती?” पद्मीनबाईनं विचारलं.

बाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मी उठून जायला लागले तर म्हणाल्या, बस. मग वहिनीकडे न बघता म्हणाल्या, “वैनी, मुग्धीचा नवरा सोडून गेला. लई दिस झाले. दोघीच हायेत त्या.”

पद्मीनबाईनं निवडलेली हळद बाजूला सारली.

“ही कामाला जाती तवा लेकराला एका बाईच्या घरी झोपलेलंच नेऊन ठिवती. ती बाई शाळेत सोडती. आजारी पडलं तर मुग्धीच घरी राहती, मग पगार कापत्यात. मी कुनाला सांगितलं न्हाई. लाज वाटली.”

“माझी लाज वाटली तुला?”

“न्हाई वैनी. सांगितलं तर खरं हुईल, असं वाटलं.”

पद्मीनबाईनं हळदीनं पिवळे झालेले हात पदराला पुसले. हळदीत शिरलेल्या कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, “तुझी आई मेली तवा मला काय कळत न्हवतं. तुला भूक लागली का पोट दुखतंय, ते बी कळायचं न्हाई. तू रडायलीस की मी बी रडायची. एवढंच कळत हुतं की लेकराजवळ कुनी तरी पायजे.” बाईंच्या दंडावर हळूच चापट मारून ती पुढं बोलली, “आधी सांगायचं की येडे. चार दिस तुझ्यावर रुसून बसले मी.”

आणि सुदर्शनला हाक मारून मोटार काढायला सांगितलं.

उमरीला आप्पासाहेब नावाचे एक वकील नोटरीचं काम करत. त्यांनी मसुदा तयारच ठेवला होता. तो त्यांनी पद्मीनबाईला वाचून दाखवला : तारामती ऊर्फ चंद्रप्रभा ही माझी सख्खी नणंद असून तिचा जन्म माझ्यासमक्ष राहत्या घरी झाला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. पद्मीनबाईनं मान हलवून ऐकलं आणि विचारलं, “झालं?”

“झालं की मावशी. एवढंच लागतं.”

“मी तिला वाढवलं ते कुठंय ह्याच्यात?”

वकील म्हणाले, त्याची गरज नसते. पद्मीनबाई म्हणाली, मग अंगठ्याची बी गरज नसंल. आप्पासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, हसू दाबलं आणि कारकुनाला कागद परत टंकायला लावला. नव्या कागदात शेवटी एक ओळ आली : तिच्या आईच्या निधनानंतर तिचे संगोपन मी स्वतः केले आहे. ती ओळ पद्मीनबाईनं दोनदा वाचून दाखवायला लावली आणि मगच अंगठा शाईच्या गादीवर ठेवला. बाई खुर्चीच्या मागं उभ्या होत्या, त्यांनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. तो त्यांनी मोटारीत बसेपर्यंत काढला नाही.

लातूरला येऊन मी त्या शपथपत्राचं इंग्रजी भाषांतर करायला बसले. एवढी वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवते, पण नणंद या शब्दापाशी अडले. इंग्रजीत नवऱ्याची बहीण आणि भावाची बायको एकाच शब्दात बसतात, मग कुणी कुणाला वाढवलं हे कसं कळणार? आणि ‘संगोपन’ला जो शब्द सापडला तो फार कोरडा वाटला. शेवटी साध्या शब्दांत लिहिलं की हिनं तिला आपल्या मुलीसारखं वाढवलं. भाषांतरावर शिक्का देणाऱ्या लातूरच्या वकिलांनी ते तसंच चालवून घेतलं.

मुंबईला मुलाखतीच्या आधी वैद्यकीय तपासणी झाली, लसी टोचल्या. मी बरोबर होते, पण आत फक्त त्यांना जायचं होतं. फाइल छातीशी धरून, ठेवणीतली नारायणपेठ नेसून त्या अमेरिकन वकिलातीच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी रस्त्यापलीकडं उन्हात थांबले. बाहेर आल्या त्या हातात फाइल नाही, फक्त पिशवी. पासपोर्ट ठेवून घेतलाय, म्हणाल्या. म्हणजे काम झालं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं. खिडकीपलीकडं एक तरुण बाई होती, शेजारी मराठी बोलणारी दुसरी. मुग्धाबद्दल विचारलं, कधीपासून तिकडं आहे, काय काम करते. मग ती कागद चाळत थांबली आणि विचारलं, ही पद्मीनबाई कोण?

“मी म्हटलं, वहिनी. मग वाटलं, अर्धंच सांगितलं. म्हणून म्हटलं, माझी आई गेली तेव्हापासून तीच.” बाईंनी पदरानं घाम पुसला. “त्या मुलीनं मान हलवली आणि शुभेच्छा दिल्या. एवढंच. मी आपली किती तयारी केली होती.”

जायच्या आधी बाई पुन्हा महिनाभर माहेरी राहून आल्या. शिवणाची दोन्ही मशीनं क्लासमधल्या दोन मुलींना दिली. घराची किल्ली माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा मी खिडक्या उघडते.

आता त्या तिकडं रुळल्या आहेत. सुरुवातीला थंडीनं हैराण झाल्या, रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणून कंटाळल्या. रेवाला मराठी थोडं कळतं, बोलत नाही. आजीला इंग्रजी कळत नाही. तरी दोघींचं दिवसभर काही ना काही चालतं. मध्यंतरी त्यांचा फोन आला, आवाज अगदी हळू. मी विचारलं, बरं नाही का?

“बरी आहे. मुग्धा झोपलीय,” त्या म्हणाल्या. “आज सुट्टी आहे तिला. रोज पहाटे उठते ना ती. आज मी तिचा गजर बंद करून टाकला. नऊ वाजून गेलेत, अजून उठली नाही. मी आणि रेवा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बाहुलीचा झगा शिवतोय. रेवाला म्हटलं, आवाज करायचा नाही, आई झोपलीय. ती पण बघ कशी चवड्यांवर चालतेय.”

फोनमधून बारीकसं हसू ऐकू आलं, लहान मुलीचं. बाईंनी तिला हळूच ‘श्शू’ केलं आणि मला म्हणाल्या, मग बोलू.