कोपर टेकायला एक फळी

इंदुरात बसून पोहे खाणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर आजारी. बाकी सगळे उभ्यानं खातात. डाव्या तळहातावर प्लेट, उजव्या हातात चमचा, काखेत हेल्मेट आणि तोंडात पोह्यांपेक्षा गप्पा जास्त. बाबाही निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी फिरून आले की आमच्या कॉलनीच्या नाक्यावरच्या दुकानासमोर असेच उभे असायचे. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून तिथे सगळे त्यांना सरजी म्हणत. सोबत त्यांच्याच वयाचे चार-पाच मित्र. नगर निगमपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांचा निकाल तिथे जिलेबी संपायच्या आत लागायचा. इतका वेळ काय बोलता, असं आई रोज विचारायची आणि बाबा रोज ‘काही नाही’ म्हणायचे.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. पलासियातल्या डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी चाल बरीच सुधारली, हात तेवढे सुधारले नाहीत. घरी टेबलावर ताट असलं की ते व्यवस्थित जेवत. अडचण हवेत धरलेल्या प्लेटची होती. एक हात आपल्या तालात, दुसरा आपल्या, आणि मध्ये बिचारे पोहे. एका सकाळी सगळी प्लेट शेव आणि जिरावन मसाल्यासकट एका मित्राच्या नव्या बुटांवर गेली.

मित्राला बुटांचं काही वाटलं नाही. इथली माणसं फार प्रेमळ, आणि त्यांचं प्रेम एकदा सुरू झालं की त्यातून सुटका नसते. दुसऱ्या दिवसापासून बाबा दिसले की दुकानातून लाल प्लास्टिकची खुर्ची बाहेर यायची. एक जण प्लेट धरायचा, दुसरा लिंबू पिळायचा, तिसरा भरवू का म्हणून विचारायचा. बाबांनी आठवडाभर ते सहन केलं आणि मग जाणंच सोडलं. फिरायचा रस्तासुद्धा बदलला. आम्ही विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी तेलकट बंद सांगितलंय. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं, मी स्वतः सोबत होते.

महिनाभरात ते घरात अगदी गप्प झाले. टीव्हीवरच्या बातम्यांशीसुद्धा भांडेनात, तेव्हा मला भीती वाटली. मी खोदून खोदून विचारलं, थोडी चिडलेही. शेवटी ते बोलले.

“बेटा, ते सगळे उभे आणि मी एकटा बसलेला. बातें सगळ्या माझ्या डोक्यावरून जातात. मला फक्त त्यांची पोटं दिसतात.”

माझा धंदाच डिझाइनचा. ऑफिसं, क्लिनिकं, कोचिंग क्लासेस यांच्या जागा आम्ही आखून देतो. ‘सर्वांसाठी डिझाइन’ हे शब्द आमच्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर असतात, आणि ती स्लाइड येईपर्यंत क्लायंट चहाकडे बघायला लागलेला असतो. बाबांचं बोलणं ऐकून मला त्या स्लाइडचा राग आला, त्या खुर्चीचा तर आलाच.

पहिल्यांदा मी तेच केलं जे आमच्यातला कोणीही करेल, एक वस्तू आणली. जड बुडाची, उभ्या काठाची प्लेट आणि जाड मुठीचा चमचा. बाबांनी घरी नीट वापरून पाहिलं, छान बनवलंय म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं. हे घेऊन गेलो तर खुर्चीच्या ऐवजी या प्लेटची चौकशी होईल, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. वस्तू चांगली होती, पण तिच्यावर ‘आजारी’ असं न लिहिताच लिहिलेलं होतं.

मग मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. आमच्या घराच्या फाटकाशी उभे राहून, वरच्या दांड्यावर कोपर टेकवून ते दूधवाल्याशी बोलत, तेव्हा हातातला चहाचा कप जवळजवळ स्थिर असायचा. कोपराला आधार मिळाला की थरथर अर्धी व्हायची. त्यांना खुर्ची नकोच होती. उभ्या माणसाला कोपर आणि प्लेट टेकता येईल अशी फळी हवी होती, आणि ती अशी हवी होती की कुणासाठी लावली हे कुणाला विचारावंसंच वाटू नये.

दुकानासमोर स्कूटर आत घुसू नयेत म्हणून लोखंडी कठडा आहे. त्यावर लांब फळी बसवू द्या, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्याला काळजी वाटली की मग लोक टेकून बसतील आणि हलणारच नाहीत. तसेही ते कुठे हलतात, असं मी म्हटल्यावर तो हसला. बाबांचं कारण सांगितलं तेव्हा तर लगेच तयार झाला. पण त्याच उत्साहात फळीच्या वर मोठा बोर्ड लावायचं त्याच्या मनात आलं, ‘बुजुर्गों एवं दिव्यांगों के लिए’. निळा की हिरवा, एवढाच प्रश्न त्याला पडला होता. बोर्ड लागला तर सरजी समोरच्या फुटपाथवरून निघून जातील, हे मला त्याला दोनदा समजवावं लागलं. त्याला पटलं, पण जरा हिरमुसला.

पहिली फळी मी चांगली रुंद केली होती. दुसऱ्या सकाळी जाऊन बघते तर तिच्यावर हेल्मेटं, दुधाच्या पिशव्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि एक झोपाळू नातू. प्लेट ठेवायला बोटभर जागा नाही, आणि नातवाचे आजोबा, हेल्मेटांचे मालक, सगळे पूर्वीसारखेच तळहातावर प्लेट धरून उभे. इंदुरी माणसाला सपाट जागा दिली की तो आधी सामान ठेवतो, हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला आणि सुताराला पुन्हा बोलावलं. नवी फळी प्लेटपुरतीच रुंद केली, बाहेरच्या बाजूला बारीक उंच काठ दिला आणि खाली पिशव्या-हेल्मेटांसाठी हुक लावले. एका टोकाला फळी बरीच खाली उतरवली, कारण तीनचाकी स्कूटरवर येणारे एक गृहस्थ रोज प्लेट मांडीवर ठेवून खात. त्या टोकाचा ताबा शाळकरी पोरांनीही घेतला आणि त्यांची व त्या गृहस्थांची क्रिकेटवरून गट्टी जमली.

फळी चालायला लागली. कडेवर बाळ असलेल्या बायका टेकायच्या, फोनवर बोलणारे टेकायचे, नुसतेच आळशी टेकायचे. आता प्रश्न बाबांचा होता. ते आलेच नाहीत तर या सगळ्याचा मला काय उपयोग? पोहे खायला चला म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा डॉक्टरांना पुढे केलं असतं. म्हणून मी म्हटलं, माझं एक काम झालंय, चुका काढायला चला. मास्तर माणूस, चुका काढायला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही.

रविवारची गर्दी होती. मित्रांनी लांबूनच बघितलं आणि एकाच्या तोंडून सवयीनं ‘खुर्ची’ निघालंच. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा पुढचा शब्द आतच राहिला. बाबांनी फळी प्रयोगशाळेतल्या टेबलासारखी तपासली. खालून ठोकली, काठावरून बोट फिरवलं, हुक ओढून पाहिला. एक खिळा वर आलाय म्हणाले. मग प्लेट ठेवली, कोपर टेकवलं आणि खायला लागले. शेव सांडत होती. पण इंदुरात शेव सगळ्यांचीच सांडते, फळीभर शेवच शेव होती. कुणी नगरसेवकाचा विषय काढला, बाबा म्हणाले हे साफ चूक आहे, आणि सगळे एकदम बोलायला लागले. मला रडू आलं. ते लपवायची गरजच नव्हती, माझ्याकडे कोण बघत होतं!

आता ते रोज जातात. हात पूर्वीपेक्षा थोडे जास्तच थरथरतात, डॉक्टरांनी गोळी वाढवलीय, पुढे काय होईल ते माहीत नाही. परवा मी ऑफिसला लवकर निघाले होते, जाता जाता दुकानाशी स्कूटर थांबवली. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली. तेवढ्यात एक मित्र उशिरानं आले, तेच, जे कधीकाळी बाबांना भरवायला निघाले होते. हातात गरम प्लेट, टेकायला कुठे जागा नाही. त्यांनी खांद्यानं बाबांना चक्क ढोसलं.

“सरजी, थोडा खिसको ना. पूरी जगह घेर रखी है.”

“लेट यायचं आणि जागा मागायची?” बाबा प्लेटमधून डोकं वर न काढता म्हणाले. “उभा राहा तिकडे, प्लेट हातात धरून.”

आणि ते तसूभरही सरकले नाहीत.