खालच्या रानाची प्रत

मृद सर्वेक्षणाच्या कामाला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेत होते. साहेब खड्ड्यात उतरायचे, मातीचे थर मोजायचे, आणि मी काठावर उभी राहून तक्ता भरायची. स्वतः खाली उतरून जमिनीचा वर्ग ठरवायची पाळी पहिल्यांदा आली ती आष्ट्याच्या पुढं, कृष्णेच्या अंगाला.

मी आटपाडीकडची. आमच्याकडं टिकाव मारला की वीतभर मातीखाली मुरूम लागतो. इथं दोन गडी सकाळपासून खणत होते, त्यांची डोकी दिसेनाशी झाली तरी एक खडा वर आला नव्हता. नुसती काळी, जड, खोऱ्याला चिकटून बसणारी माती. पुरांनी पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेली.

रान एका काकूंचं होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच शेती बघत होत्या. वरच्या तुकड्यात ऊस डोक्याच्या वर गेलेला, खालच्या तुकड्यात कमरेएवढा आणि पिवळा.

"खत त्येच, पानी त्येच, बेनं त्येच," काकू म्हणाल्या. "तुमी काय मापं घ्यायची ती घ्या, पर जाताना मला सांगून जावा, ह्याला झालंय काय."

आमच्या जुन्या नकाशात दोन्ही तुकडे एकाच रंगात होते. खोल काळी जमीन, निचरा मध्यम.

खालच्या तुकड्यातल्या त्या खड्ड्यात मी शिडीनं उतरले आणि सुरीनं भिंत तासायला लागले. वरची वीतभर माती बाकीच्या काळ्या रानासारखीच होती. तिच्याखाली गंजाचे ठिपके सुरू झाले. जुन्या मुळांच्या वाटांनी तर तांबूस रेघाच उतरल्या होत्या. मोहरीएवढे काळे कठीण दाणे बोटाला लागत होते. कमरेच्या खाली मातीचा रंगच पालटला. ओल्या पाटीसारखा, निळसर करडा. ढेकूळ फोडलं तर साचलेल्या पाण्याचा वास आला, आणि तळाशी माझ्या बुटांभोवती पाणी जमायला लागलं होतं.

काळ्या जमिनीत पाण्याच्या खुणा ओळखणं अवघड जातं, कारण ती मुळातच काळी. म्हणून मी घाई केली नाही. ओलं ढेकूळ उन्हात धरून रंगांच्या वहीतल्या एकेका चौकोनाशी ताडून बघितलं. मग तक्त्यात लिहिलं, निचरा वाईट. ते नकाशाच्या विरुद्ध जात होतं.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ते वाईचे, निवृत्तीला आलेले, आणि आवाज कधी न चढवणारे. माझा तक्ता वाचत ते खड्ड्यात उतरले, भिंतीवरून हात फिरवला आणि वर बघून म्हणाले, "निळसर करडा म्हणताय तो कुठं आहे? मला तर ही माती तपकिरी दिसतेय."

मी खाली वाकून बघितलं. खरंच तपकिरी होती. काल डोळ्यांनी बघितलेलं आज जागेवर नव्हतं. काठावरचे दोन्ही गडी माझ्याकडं बघत होते.

मग डोक्यात प्रकाश पडला. भिंत रात्रभर उघडी होती. बिनहवेच्या मातीतलं लोह हवा लागली की गंजतं, आणि रंग बदलतो.

"सर, भिंत परत तासू का? हातभर आतपर्यंत?"

साहेबांनी आपली सुरी माझ्या हातात दिली. मी तासत गेले. चार बोटं, वीतभर, आणि मग तो रंग दिसला. साहेबांनी त्यातलं एक ढेकूळ तळहातावर घेतलं. काकूंनी चहा आणला होता. आमचा चहा संपेपर्यंत त्या ढेकळाच्या कडा डोळ्यांदेखत तपकिरी व्हायला लागल्या.

"तुमचं बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण एक प्रश्न राहतो. हे किती जुनं? वरच्या अंगाला पाण्याचा पाट आहे. त्याच्या पाझरानंही चार-पाच वर्षांत असं होऊ शकेल. नकाशा बदलायचा तर जमीन पहिल्यापासूनच अशी आहे, हे कळायला हवं."

काकू कपबश्या गोळा करत होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "पाट आत्ताचा हाय. त्या आधीबी मेंढरंवाली हितं बसत न्हवती. वरच्या रानात मेंढरं बसवायची, खाली म्हनलं की न्हाई म्हनायची."

साहेबांनी मान वर केली. "मेंढ्यांच्या खतासाठी तर लोक बोलावून बसवतात. मग इथंच नाही का? असा कुणी जुना मेंढपाळ भेटेल का हो?"

काकू आठवायला लागल्या. मला आठवावं लागणार नव्हतं. ऑफिसात कुणालाही माझं घर माहीत नव्हतं. अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'शेती' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, आमची थोडी बाजरी असते. पण आम्हाला वाढवलं ते मेंढरांनी. दिवाळीनंतर आबा कळप घेऊन पश्चिमेला निघायचे, कृष्णाकाठानं रानोरान बसत जायचे. शाळेत जायच्या आधी मीही त्या तळावर राहिलेली. त्या दिवशीही त्यांचा तळ तिथून दोन गावं पलीकडं होता, आणि एवढ्या जवळ असून मी त्यांना भेटायला गेले नव्हते.

"सर," मी म्हणाले, "माझे वडील मेंढपाळ आहेत. याच पट्ट्यात असतात."

साहेबांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं. "मग फोन लावा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. माझ्याकडं बघून नुसते हसले, साहेबांना रामराम घातला. खड्डा बघायला बोलावलं तर म्हणाले, "खड्डा कशापायी सायेब? रान वळखीचं हाय."

"मग इथं मेंढरं का बसवत नाही?"

"चार दिस बसवली की खुरं मऊ पडत्यात. मग लंगडाय लागत्यात. पाट आला आत्ता. माझा बापबी हितं बसला न्हाई. ही जमीन उन्हाळ्यातबी पायाला गार लागती."

साहेब बांधावर बसून हे स्वतःच्या हातानं लिहून घेत होते. मग म्हणाले, "ती कुठून कुठंपर्यंत आहे, दाखवाल?"

आबा चालायला लागले. खुणेला दगड शोधले, पण त्या रानात दगड कुठला? काकूंनी उसाची कांडी तोडून दिली. आबा चार पावलं चालायचे, थांबायचे, पायानं जमीन दाबायचे आणि कांडं रोवायचे. त्यांच्या मागून मी गिरमिट घेऊन. प्रत्येक कांड्याच्या आत एक भोक, बाहेर एक भोक. आत गंजाचे ठिपके आणि करडी माती, बाहेर स्वच्छ काळी. एकामागून एक जुळत गेलं. सातव्या-आठव्या भोकानंतर गडी बघायला जवळ आले. साहेबही आमच्या मागं चालायला लागले. माझे तळवे गिरमिट फिरवून सोलवटले होते, तरी मला ते कुणाच्या हातात द्यावंसं वाटेना.

एकाच ठिकाणी चुकलं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात आबांच्या खुणेच्या आतली मातीही कोरडी आणि चांगली निघाली.

"आबा, हितली तर चांगली हाय."

आबा थोडे ओशाळले. "व्हय गं. हितं तवा चिलारीचं लय मोठं झुडूप होतं. मेंढरं बुजायची, म्हनून मी सोडून द्यायचो."

सगळ्यात मोठ्यानं साहेब हसले. तेवढी एक खूण मी आत घेतली.

खड्ड्यापाशी परत आल्यावर साहेबांनी वही मिटली. "वर्ग तुम्ही सांगा."

मी सांगितलं. ही जमीन व्हर्टिसॉल, कारण चिकणमाती भरपूर, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि आत माती मातीवर घासून गुळगुळीत झालेल्या चकाकत्या बाजू आहेत. त्यातली ॲक्वर्ट, कारण वरच्या पन्नास सेंटिमीटरच्या आतच पाणी तुंबून राहिल्याच्या खुणा आहेत. आणि एंडोॲक्वर्ट, कारण पाणी वरून अडलेलं नाही, खालून चढलेलं आहे.

आबांनी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. अर्ध्यावर सोडलं. "आमी चिबड म्हनतो," ते म्हणाले.

"तेही लिहा," साहेब म्हणाले. मी स्थानिक नावाच्या रकान्यात चिबड लिहिलं. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात साहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'पिढीजात मेंढपाळ, आटपाडी तालुका'. त्या ओळीवरून माझा डोळा हलेना. कार्यालयात परतल्यावर मी माझ्या कागदांमधला वडिलांच्या व्यवसायाचा रकाना दुरुस्त करून घेतला.

जायच्या आधी काकूंना सांगितलं, खत वाढवून काही होणार नाही. खाली पाणी कमी द्या, जमिनीत भोकांचे पाईप पुरून साठलेलं पाणी ओढ्याला काढा, आणि अगदी तळाची पट्टी गवतालाच ठेवा. त्यांनी तसंच केलं. पहिल्या वर्षी फारसा फरक पडला नाही, आणि त्यांनी मला फोनवर तसं ऐकवलंही. दुसऱ्या वर्षी खालचा ऊस खांद्याला लागला. तळाच्या पट्टीत अजून गवतच आहे.

नवीन नकाशात तो तुकडा वेगळ्या रंगात आला. करंगळीच्या नखाएवढा असेल. मी तो नकाशा घरी नेऊन आबांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा मागून घेतला, बोटानं कडेकडेनं फिरले आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "हितं तू आत घेतलंस."

मागच्या महिन्यात त्यांच्याबरोबर आटपाडीच्या बाजारात गेले होते. ओळखीच्या व्यापाऱ्यानं विचारलं, ही कोण?

"लेक माझी," आबा म्हणाले. "जमिनीला नावं ठेवती."

"मग सासरच्यांचं काय खरं न्हाई!"

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसले.

"हस गड्या," आबा म्हणाले. "तिनं ठेवलेली नावं नकाशात छापत्यात." आणि ते समोरच्या बकऱ्याचे दात बघायला वाकले.