शिखरावरची दगडांची रास

कॅनडातल्या मार्कहॅमच्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे नॉर्वेतल्या रोम्सडाल्सहॉर्न शिखराचा भलामोठा फोटो होता. साहेबांचे आजोबा तिकडचे, त्यामुळे ते शिखर घरच्या सातबाऱ्यावर असल्यासारखे साहेब बोलत. दर शुक्रवारी डबा उघडला की तीच कथा. दोनशे वर्षांपूर्वी खोऱ्यातले दोन गावकरी पैजेपायी वर चढले आणि पुरावा म्हणून माथ्यावर दगडांची रास रचून उतरले. बाहेरच्या जाणकारांना काही ते खरं वाटेना. पन्नासेक वर्षांनी एक परदेशी गृहस्थ वाटाडे घेऊन 'प्रथमच' वर पोचला, तर रास हजर! "बिचाऱ्यांवर कोणी विश्वासच ठेवला नाही," म्हणताना साहेबांचे डोळे भरून येत. तोवर माझी भाजी गार झालेली असे.

मी विदर्भात बारा वर्षं पूल बांधलेले. इथलं इंजिनिअरचं लायसन्स मिळवायला त्या अनुभवावर साहेबांची सही हवी होती, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर रेघा ओढायच्या. एवढा हळवा माणूस समोर असताना भ्यायचं कशाला? मी फॉर्म पुढे केला, फोनवर पूल दाखवला.

"पूल छान आहे. पण तो तूच बांधलास हे मी कसं सांगू? मी कुठे पाहिलंय?"

कोनशिलेचा फोटो दाखवावा, तर तिच्यावर मंत्र्यांचं नाव. बांधणाऱ्याचं नाव कोरायची आपल्याकडे पद्धतच नाही. उद्घाटनात माझ्या वाट्याला फक्त नारळ फोडणं आलं होतं. असा संताप झाला! पण गिळला. पुढे साहेबांच्या नजरेखाली एका पार्किंग लॉटखालची मोरी बांधली आणि मी एकदाचा इंजिनिअर झालो.

साहेब रिटायर झाले. खुर्ची मला मिळाली, फोटोसकट. परवा मुलाखतीला यवतमाळची एक मुलगी आली. धरणांवर आठ वर्षं काम केलेली.

"कॅनेडियन एक्स्पीरियन्स?" मी विचारलं.

"नाही सर. पण साइटचे फोटो आहेत."

"फोटोवरून मी काय व्हेरिफाय करणार?"

तिने फाइल मिटली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "मागचा डोंगर कुठला, सर?"

मी रंगात आलो. दोन गावकरी, पैज, दगडांची रास. "आणि बिचाऱ्यांवर कोणी विश्वासच..." इथवर आलो आणि माझाच आवाज मला ऐकू आला. ती फाइल पिशवीत घालत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब," मी म्हटलं. "दाखव ते फोटो."

पहिलाच फोटो कोनशिलेचा होता. तिच्यावर मंत्र्यांचं नाव होतं.